मेडोज टेलर वाचताना: 'तारा', ठगाचा कबुलीजबाब आणि नळदुर्ग

पोथीवाला (धागाकर्ते)

इंग्रजी अमलातल्या इंग्रज लेखकांचा विषय निघाला की गाडी किपलिंगवर येऊन थांबते. पण मराठी मुलुखात ज्याचा खरा वावर झाला, तो फिलिप मेडोज टेलर. जन्म लिव्हरपूल, १८०८. १८२४ साली पोरवयात मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला म्हणून आला. ते जमलं नाही आणि तो निजामाच्या फौजेत शिरला. बाकीची कारकीर्द हैदराबाद संस्थान, सुरपूर, नळदुर्ग, बुलढाणा अशी झाली. मृत्यू १८७६, फ्रान्समधल्या मँतों इथे.

कादंबऱ्या सहा. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९), 'टिपू सुलतान' (१८४०), 'तारा' (१८६३), 'राल्फ डार्नेल' (१८६५), 'सीता' (१८७२) आणि मृत्यूनंतर आलेली, चांदबिबीवरची 'अ नोबल क्वीन' (१८७८). 'तारा', 'राल्फ डार्नेल' आणि 'सीता' ही त्याने ठरवून रचलेली मालिका आहे. १६५७ मराठ्यांचा उदय, १७५७ प्लासी, १८५७ उठाव. शंभर-शंभर वर्षांचे टप्पे.

माझं म्हणणं एवढंच: टेलर जागा, वाटा, पाणी, पीक आणि वसुली याबद्दल लिहितो तेव्हा त्याच्यावर भरवसा ठेवा. माणसांच्या मनातलं आणि देवळातलं सांगायला लागला की पेन्सिल हातात घ्या. कारण सरळ आहे. पहिल्या गोष्टींसाठी त्याला पगार मिळत होता आणि त्यात चूक झाली तर वरून विचारणा व्हायची. दुसऱ्या गोष्टींत त्याला लंडनच्या वाचकाला धरून ठेवायचं होतं.

सुरुवात कुठून करावी? पहिल्यांदा आत्मचरित्र 'स्टोरी ऑफ माय लाइफ' (१८७७), मग 'तारा', मग ठग. बहुतेक जण ठगापासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

---

गडवाट

'तारा'तल्या कालगणनेबद्दल आधीच सांगून ठेवतो, नाहीतर निम्मे प्रतिसाद त्यातच जातील. अफझलखानाचा वध मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. टेलरच्या चौकटीत ते १६५७ ला बसतं. याला निव्वळ बेफिकिरी म्हणून सोडून देऊ नका. कादंबरीतला विजापूरचा भाग खान महंमद वजिराच्या फितुरीभोवती फिरतो, आणि त्या वजिराचा खून खरोखरच १६५७ चा आहे. टेलरने तो धागा पुढच्या प्रतापगडाला जोडला आणि मधली दोन वर्षं गिळून टाकली. शतकाचं गणित जमलं, पण इतिहासाचं बिघडलं.

त्यामुळे वाचताना दोन रकाने करा. एकात विजापूर दरबार (१६५७), दुसऱ्यात तुळजापूर-वाई-जावळी (१६५९). प्रत्येक प्रसंग कुठल्या रकान्यातला ते ठरवलं की गोंधळ संपतो. जावळीचे मोरे आधीच, म्हणजे १६५६ मध्ये, संपलेत हे ध्यानात ठेवलं की प्रतापगड त्या जागी का उभा आहे तेही कळतं.

अफझलखानाचा मुलगा फाजलखान हा खरा माणूस. जावळीतून निसटला आणि १६६० मध्ये सिद्दी जौहरबरोबर पन्हाळ्याच्या वेढ्यात होता. टेलरने त्याला नायक केला आणि ताराशी लग्न लावून दिलं. ते लग्न सर्वस्वी टेलरचं.

---

बालाघाट

तुळजापूरचा भाग बारकाईने वाचण्यासारखा आहे. चांगलं आधी सांगतो. गाव वर पठाराच्या कडेला आणि देऊळ खाली घळीत, त्यामुळे देवीकडे जाताना चढायचं नसून उतरायचं असतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक देवींच्या उलट. ही रचना, तिथून दिसणारा खालचा मुलूख, पावसाळ्यातलं धुकं, कड्यावरून ओघळणारं पाणी हे सगळं टेलरने जागेवर उभं राहून पाहिलंय हे जाणवतं. त्याच्या नळदुर्ग जिल्ह्यातच तुळजापूर येत होतं.

आता गडबड. तारा ही तुळजापूरच्या मुख्य पुजाऱ्याची, व्यास शास्त्र्याची, विधवा मुलगी. ती 'मुरळी' होते आणि तिथून कथा वळण घेते. यात दोन अडचणी आहेत.

एक, तुळजाभवानीच्या पूजेचा मान भोपे पुजाऱ्यांकडे आहे, आणि भोपे मराठा समाजातले. पाळीकर, उपाध्ये यांचे हक्क वेगळे. कुणी एक विद्वान ब्राह्मण शास्त्री सगळ्या देवस्थानाचा धनी आहे हे चित्र तुळजापूरच्या व्यवस्थेत बसत नाही.

दोन, मुरळी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खंडोबा येतो. वाघ्या-मुरळी, जेजुरी, भंडार. भवानीकडे आराधी आणि गोंधळी. ब्राह्मणाच्या घरातली, संस्कृत शिकलेली विधवा देवीला वाहिली जाते ही गोष्ट टेलरला हवी होती, कारण त्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, आणि नायिका घराबाहेर पडली नाही तर तीन खंड कसे भरणार?

---

सांजवेळ

@बालाघाट, पटलं. पण एक बाजू सुटतेय. घरातलं राजकारण त्याने फार चांगलं टिपलंय. शास्त्र्याची थोरली बायको आनंदा, मुलगा हवा म्हणून केलेली दुसरी बायको राधा, आणि राधेचा भाऊ मोरो त्रिमल, जो शिवाजीराजांचा हस्तकही आहे आणि ताराच्या मागेही लागलाय. दुसऱ्या लग्नामुळे घरात आलेला मेहुणा हाच संकटाची वाट होतो. हे वाचताना इंग्रजी मेलोड्रामा वाटत नाही, कुठल्याही वाड्यात घडावं असं वाटतं.

शिवाजीराजांचं चित्रण मात्र मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफच्या (१८२६) सावलीतलं. कपटी, भवानीच्या संचाराने भारलेला, जिभेवर साखर. निळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफवर टीका लिहिली ती १८६८ च्या सुमारास, म्हणजे 'तारा'नंतर. टेलरपुढे इंग्रजीत दुसरं फारसं काही नव्हतं हे खरं. पण नळदुर्गात चार वर्षं काढलेल्या माणसाच्या कानावर पोवाडे पडलेच नसतील असं कसं म्हणायचं?

---

जुनाट

पुस्तकं मिळवण्याबद्दल लिहितो, कारण फसवणूक तिथेच होते.

टेलर जाऊन दीडशे वर्षं होत आली, त्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. सगळं फुकट उतरवता येतं. घोळ खंडांचा होतो. त्या काळी इंग्रजी कादंबरी तीन खंडांत निघायची. फिरत्या वाचनालयांना एकाच कादंबरीवर तीन वाचक एकाच वेळी लावता यायचे म्हणून. ठग, तारा, सीता, सगळ्या तशाच आल्या. पुढे एकखंडी स्वस्त आवृत्त्या निघाल्या. स्कॅन करणाऱ्या ग्रंथालयांनी तिन्ही खंड सुटे चढवले आणि नाव मात्र एकच ठेवलं.

करायचं असं:

पहिलं, उतरवण्याआधी शीर्षकपान उघडून खंडाचा आकडा पाहा. फाइलच्या नावावर विसंबू नका.

दुसरं, शेवटचं पान उघडा. कथा अर्ध्यावर तुटलेली दिसली तर तो पहिला किंवा दुसरा खंड आहे.

तिसरं, ऑनलाइन दुकानातून मागणीनुसार छापून देणारी प्रत घेत असाल तर पानसंख्या बघा. 'तारा'ची तीनशेच्या आसपास पानांची प्रत म्हणजे तिन्हीपैकी एकच खंड. हे सर्रास होतं, आणि विकणाऱ्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो.

चौथं, चर्चेत पानाचा आकडा देऊ नका. तीनखंडी आणि एकखंडी प्रतींची पानं जुळत नाहीत. प्रसंगाचं नाव सांगा.

शोध घेताना आणखी एक. टेलरची रोमन वर्णाक्षरं जुनी आहेत. आपल्या उकारासाठी डबल-ओ, ईकारासाठी डबल-ई आणि अकारासाठी कित्येकदा यू. म्हणून नळदुर्ग 'एन-यू-एल-डी-आर-डबल ओ-जी' होतो, विजापुरात डबल-ई आणि डबल-ओ दोन्ही येतात, आणि वाईचं स्पेलिंग 'डब्ल्यू-वाय-ई'. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर शून्य निकाल. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल तर यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्याचे दोन तुकडे होतात, त्यामुळे अर्धाच शब्द टाकून शोधा. तुळजापुरासाठी पहिली पाच अक्षरं, टी-डबल ओ-एल-जे, पुरतात.

---

पोथीवाला

@जुनाट, फार कामाचं. आत्मचरित्राच्या आवृत्त्यांचीही भर घालतो. १८७७ ची दोन खंडांतली पहिली, मुलगी अॅलिसने संपादलेली. १८८२ च्या आवृत्तीला हेन्री रीव्ह या नातलगाची प्रस्तावना. १९२० ची हेन्री ब्रूसने संपादलेली ऑक्सफर्डची प्रत, टिपांसकट. टिपा हव्यात म्हणून तिसरी घ्या. आणि जमलं तर १९४७ मध्ये पॅट्रिक कॅडेलने छापलेली टेलरची रीव्हला लिहिलेली पत्रंही काढा. आत्मचरित्र म्हातारपणी, दृष्टी अधू झाल्यावर आठवणीवर लिहिलेलं. पत्रं त्या-त्या वेळची. दोन्ही शेजारी ठेवली की कुठे रंग चढवलाय ते आपोआप दिसतं.

---

हुमणी

ठगावर कुणीच बोलेना म्हणून विचारते. 'कन्फेशन्स'मध्ये कबुली देणारा अमीर अली खरा की खोटा? आणि ९३१ खून केलेला तो हाच का?

---

सांजवेळ

नाही ताई, ही सरमिसळ नेहमीची. ९३१ हा आकडा बेहराम नावाच्या जमादाराच्या नावावर सांगितला जातो, आणि तो अवधच्या बाजूचा. टेलरचा अमीर अली सांगतो तो आकडा ७१९. त्याच्या पुढे त्याची फुशारकी अशी की बारा वर्षं तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते.

अमीर अली एकच एक माणूस होता असं धरू नका. टेलरने १८३२ च्या सुमारास हैदराबाद मुलुखात माफीच्या साक्षीदारांचे जबाब घेण्याचं काम केलं होतं. तो कच्चा माल होता. त्यात ठगांच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी स्लीमन याने १८३६ मध्ये कलकत्त्याला छापलेला ठगांच्या बोलीचा 'रामसीयाना' हा ग्रंथ. या दोहोंच्या जोरावर त्याने एका माणसाचं आयुष्य रचलं.

कामाची वाटणी पुस्तकात नेमकी आहे. प्रवाशाशी गोड बोलून त्याला टोळीत सामील करून घेणारा तो सोथा. गळ्यात रुमाल टाकणारा तो भुरतोट. आधीच जाऊन खड्डे खणून ठेवणारे ते लुघा. इशारत म्हणजे झिरनी, आणि ती 'तंबाखू आणा' यासारखं रोजचंच वाक्य असायची, म्हणजे सावजाला वास लागत नाही. काम झाल्यावर तुपोनीचा, म्हणजे देवीच्या पूजेचा, गूळ. कुदळीला, म्हणजे कस्सीला, देवत्व. उजव्या-डाव्या शकुनांची थिबाओ-पिलाओ अशी नावं.

पुस्तकाची करामत मात्र या माहितीत नाही, निवेदनात आहे. सगळं अमीर अलीच बोलतो आणि साहेब फक्त ऐकतो. साहेब अधूनमधून तोंड घालतो तेव्हा तो खुन्यापेक्षा फिका वाटतो. ज्या टोळीने आईबाप मारले तिनेच पोसलेला मुलगा, आणि पुढे न ओळखता स्वतःच्या बहिणीच्याच गळ्याला हात घालणारा. दरम्यान तो चितू पेंढाऱ्याच्या टोळीतही जातो, आणि चितू हा इतिहासातला खराखुरा पेंढारी सरदार.

---

कागदपत्रे

इथे थोडं पाणी ओततो. 'ठगी' म्हणून जे काही आपण ओळखतो त्यातलं बरंचसं माफीच्या साक्षीदारांच्या जबाबांवर उभं आहे. माफीचा साक्षीदार म्हणजे ज्याची मान दोरात आहे असा माणूस. साहेबाला काय ऐकायचंय हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला कळतं. कुदळीचा पंथ, देवीची आज्ञा, हिंदुस्थानभर पसरलेला गुप्त धर्म हा भाग जबाबात फुगत जातो. वाटेवर गळा दाबून लुटणाऱ्या टोळ्या होत्या, प्रेतं सापडली, हे कुणी नाकारत नाही. किम वॅग्नर या इतिहासकाराचं २००७ चं पुस्तक या बाबतीत समतोल आहे: टोळ्या खऱ्या, पंथाबद्दल जपून.

वाचताना एक साधी चाचणी लावा. परिच्छेदात अंतर, मुक्काम, गावाची वेस, लुटीतला माल, वाटणीचे हिस्से येत असतील तर तो जबाबाच्या कागदाजवळचा. देवी, शकुन आणि नशीब येत असेल तर तो कादंबरीजवळचा. नेहमी खरी ठरत नाही, पण दहातल्या सात-आठ वेळा ठरते.

---

हुमणी

+१. ही चाचणी 'तारा'लाही लागू पडते की.

---

गडवाट

नळदुर्गाकडे जाणाऱ्यांसाठी. १८५३ च्या तहात निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिवकडचा पट्टा कंपनीकडे सोपवला. त्या पट्ट्याचं ठाणं नळदुर्ग, आणि टेलर तिथला डेप्युटी कमिशनर, १८५३ ते १८५७. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये निजामाकडे परत गेले. म्हणून तिथला इंग्रजी अंमल आपल्याला आठवत नाही.

किल्ला सोलापूर-हैदराबाद महामार्गालगत आहे. बोरी नदी किल्ल्यातून वळवून बांध घातलाय आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ चं काम. बांधावरून पाणी पडायला लागलं की नर आणि मादी असे दोन धबधबे होतात, आणि आत महालात उभं राहिलं तरी अंगावर थेंब येत नाही. पण त्यासाठी बांध भरून वाहायला हवा. उन्हाळ्यात गेलात तर कोरडी भिंत बघून परत याल. चांगला पाऊस झाला असेल तर ऑगस्टची अखेर ते ऑक्टोबर. निघण्याआधी गावात फोन करून पाणी पडतंय का एवढं विचारा. उपळी बुरूज सोडू नका. वरून बोरीचं वळण आणि किल्ल्याचा पसारा एका नजरेत येतो, आणि टेलरच्या लिखाणातला मुलूख तिथून समजतो.

एका दिवसात नळदुर्ग आणि तुळजापूर दोन्ही होतात, अंतर पस्तीसेक किलोमीटर. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर दिवस दर्शनाच्या रांगेतच जाईल.

---

बालाघाट

पाणीमहालाच्या जिन्यावर शेवाळ असतं. रबरी तळाची चप्पल नको.

---

कागदपत्रे

सुरपूर राहिलं. आज कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात. बेरड नायकांचं संस्थान. राजा अल्पवयीन, राणी ईश्वरम्मा आणि दरबारात भाऊबंदकी, अशा वेळी टेलर तिथे गेला आणि १८५३ पर्यंत कारभार पाहिला. वसुलीची घडी बसवली, बोनाळच्या तलावाचं काम केलं. टेकडीवरचा त्याचा बंगला टेलर मंझिल म्हणून ओळखला जातो.

मुख्य वाद राजा वेंकटप्पा नायकाचा. हाच पोरगा टेलरच्या देखरेखीत वाढला, त्याला 'अप्पा' म्हणायचा. १८५८ मध्ये त्याने उठाव केला, हैदराबादेत पकडला गेला. जन्मठेपेची शिक्षा कमी होऊन चार वर्षांची झाली, आणि किल्ल्यात ठेवायला नेत असताना वाटेत गोऱ्या अधिकाऱ्याच्या पिस्तुलाने त्याचा अंत झाला. चोविसाव्या वर्षी मरणार असं त्याच्या कुंडलीत होतं, ही गोष्ट टेलर आत्मचरित्रात रंगवून सांगतो. आत्मचरित्रातलं सगळ्यात हृदयस्पर्शी प्रकरण, आणि म्हणूनच सगळ्यात सावधपणे वाचायचं. प्रसंगाचा बराच तपशील टेलरच्याच लेखणीतून येतो, आणि 'मी होतो तोवर सगळं ठीक होतं' हे त्यातलं दडलेलं सूत्र. सुरपुरात राजाकडे हुतात्मा म्हणून पाहतात. ती बाजू टेलरमध्ये सापडणार नाही.

---

पोथीवाला

बरोबर. आणि त्याच काळातला बुलढाणा विसरू नका. १८५७ च्या ऑगस्टात हैदराबादचा रेसिडेंट डेव्हिडसन याने त्याला वऱ्हाडात धाडलं. फौज देता येणार नाही, कसाबसा तग धर, अशा अर्थाचा हुकूम. वऱ्हाड शांत राहिला याचं श्रेय तो स्वतःच्या ओळखीपाळखीला देतो. थोडं खरं असेल. बाकी निजामाचा दिवाण सालारजंग याने हैदराबाद हलू दिलं नाही, हे मोठं कारण.

---

जुनाट

'सीता'बद्दल दोन ओळी. सोनाराची विधवा सीता आणि इंग्रज मॅजिस्ट्रेट सिरिल ब्रँडन यांचं लग्न, १८५७ ची पार्श्वभूमी. उठावानंतर पंधरा वर्षांतच इंग्रज वाचकाला असं कथानक देणं हे धाडसच, कारण त्या पिढीतले बाकीचे लेखक सूड आणि कत्तलीच लिहीत होते. टेलरची बायको मेरी पामर ही हैदराबादच्या विल्यम पामर सावकाराची मुलगी, आणि त्या विल्यमची आई हिंदुस्थानी बेगम. आजोबा जनरल पामर पुण्याला पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट होते. तेव्हा मिश्र घर म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. तरी शेवटी सीतेला त्याने मारलीच, आणि ब्रँडनला इंग्रज बायको मिळाली. लंडनच्या फिरत्या वाचनालयाला दुसरा शेवट परवडला नसता.

---

सांजवेळ

वारशाचं म्हणाल तर तो विषम आहे. ठग जगभर गेला, पुढच्या दीडशे वर्षांतल्या ठगांच्या गोष्टी आणि सिनेमे त्याचंच देणं लागतात. 'तारा' मात्र जिथली आहे तिथेच कुणी वाचत नाही. आपल्याकडे पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून गुंजीकरांचं 'मोचनगड' (१८७१) शिकवतात, ते योग्यच आहे. पण शिवकाळावर बेतलेली तीन खंडांची कादंबरी त्याच्या आठ वर्षं आधी छापून आली होती, हे अभ्यासक्रमात एका ओळीने तरी यावं. दोन्ही शेजारी ठेवून किल्ल्यांची वर्णनं ताडून बघा. गुंजीकरांचा गड माणसांनी भरलेला आहे, टेलरचा दगड-पाण्याने.

---

हुमणी

एकखंडी 'तारा' सापडली. शीर्षकपानावर खंडाचा आकडा नाही, शेवट पूर्ण आहे. पण मधली काही पानं तिरकी स्कॅन झालीत, ओळींचे शेवट कापलेत.

---

जुनाट

मग त्या पानांपुरता तीनखंडी प्रतीतला तोच प्रसंग काढा. पानाचा आकडा जुळणार नाही, म्हणून कापलेल्या पानाच्या आधीचं पूर्ण वाक्य घ्या, त्यातले सलग चार-पाच शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधा. गावाचं किंवा माणसाचं नाव असलेले शब्द घेऊ नका, यंत्र नेमकं तिथेच चुकतं.